खुब्याचा न काढलेला फोटो

तमिळ मुलखातल्या आवडी गावी, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आमची जेवणं घड्याळावर नव्हे, भोंग्यावर व्हायची. दुपारचा भोंगा झाला की आई तवा चढवायची आणि बाबा सायकल भिंतीला टेकवेपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची. ज्वारी आवडीत मिळायची नाही. वर्षातून एकदा साताऱ्याहून परतताना आई ज्वारीची गोणी डब्यात अशी बसवून आणायची की टीसीने तिचंही तिकीट मागावं. ती गोणी संपली की मग इडली, दोसे आणि आईची कुरकूर. "पोट भरतं गं, पण जेवल्यासारखं वाटत नाही," असं ती शेजारच्या सरोजाअक्कांना मोडक्या तमिळमध्ये सांगायची, आणि सरोजाअक्का हसत हसत वाटीभर सांबार तिच्याच ओट्यावर ठेवून जायच्या. ते सांबार आई सगळ्यांत आधी संपवायची हे मी मुद्दाम नमूद करतो.

घरात आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी शकू. शकू म्हणजे घरातला सगळा आवाज. अंगाने गुबगुबीत, गालावर खळी, आणि तमिळ अशी फाडफाड बोलायची की भाजीवालीसुद्धा तिला आपल्यातलीच समजायची. क्वार्टर्सच्या मागच्या सिमेंटच्या पट्टीवर मुली खडूने चौकोन आखून एका पायावर उड्या मारायच्या. त्या खेळाला तिकडे पांडी म्हणतात. एवढी जाडी असून शकूला पांडीत कोणी हरवू शकत नसे. डाव्या पायावर ती सगळे चौकोन पार करून यायची आणि वर तोंड करून मला हाक मारायची, "दादा, बघितलंस का?" मी बहुतेक वेळा बघितलेलं नसायचं. तरी हो म्हणायचो.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि शहरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात एक्स-रेचं काम शिकत होतो. डॉक्टर व्हायचं होतं, मार्क आले नाहीत, म्हणून हे. सकाळची लोकल पकडायची, पांढरा कोट पिशवीतून न्यायचा, आणि दिवसभर लोकांचे पाय धरायचे. हो, पायच. आमच्या खोलीत पायांचीच रांग असायची. गुम्मिडिपूंडीकडच्या कारखान्याच्या शेडमध्ये पत्रा पडून अंगठा ठेचलेला माणूस, टाचेत हाड वाढलेली इडली विकणारी म्हातारी, पाय फेंगडे झालेली चार वर्षांची पोरं, आणि गुडघे झिजलेल्या बायका, त्यांना तर अंत नव्हता. त्या बायकांना टेबलावर झोपवून फोटो काढला तर सांध्यात फट दिसते आणि डॉक्टर म्हणतो, ठीक आहे. उभं करून काढला, अंगाचा भार गुडघ्यावर पडू दिला, की हाडाला हाड टेकलेलं दिसतं. हे मला पुस्तकाने शिकवलं नाही, राव सारांनी शिकवलं.

राव सार म्हणजे आमच्या विभागातले सगळ्यांत जुने टेक्निशियन. घराणं तंजावरचं मराठी, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचंच. त्यांनी महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. त्यांची मराठी ऐकून मला पहिल्या दिवशी हसू आवरेना. "तंबी, तूं जेविलास कां? येथें बैस." तंबी म्हणजे धाकट्या भावाला मारायची तिकडची हाक. कुठल्या तरी जुन्या पोथीतून उठून आलेली भाषा, आणि चाल मात्र सगळी तमिळ. मी घरी येऊन त्यांची नक्कल करायचो. भाकरी मोडता मोडता बाबांना ठसका लागायचा, आई पदर तोंडाला लावायची. शकू तर रोज मागेच लागायची, "दादा, राव सार कर ना!" आणि मी करायचो. ज्या माणसाचं बोलणं आपण रोज रात्रीच्या भाताबरोबर करमणूक म्हणून वाढतो, त्याचं सांगणं आपण कितपत मनावर घेणार? हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता पडतो, आणि पडला की जेवण जात नाही.

कामाला मात्र राव सार देवमाणूस होते. घोट्याचा फोटो काढताना पाऊल किती आत वळवायचं, ते बोटाने दाखवायचे, अंश-बिंश सांगायचे नाहीत. कमरेचा फोटो असला की दोन्ही पायांचे अंगठे एकमेकांकडे वळवून घ्यायचे आणि पाय हलू नयेत म्हणून वाळूच्या पिशव्या टेकवायच्या. "अंगठे आंत घेतलेस तरच मांडीच्या हाडाची मान पुरी दिसते." मग काचेमागे जाऊन "असैयादे!" असं ओरडायचं, म्हणजे हलू नकोस, आणि बटण दाबायचं. मशीन घूं करायचं, खट्ट व्हायचं, झालं. पण त्यांचा खरा नेम दुसराच होता. लहान मुलाच्या चिठ्ठीवर डॉक्टरने गुडघा लिहिलेला असला की ते ती चिठ्ठी परत पाठवायचे. खुब्याचेही फोटो लिहून आणा म्हणायचे. "लेकराचें ढोपर दुखतें म्हणलें की खुबा पाहिल्याशिवाय पाठवायाचें नाहीं. आणि खुब्याचे फोटो दोन. एक सरळ, एक पाय बेडकासारखे करून. एकावर विश्वास ठेवूं नकोस." तरुण डॉक्टर वैतागायचे. मी मनात म्हणायचो, म्हाताऱ्याची खोड.

त्याच सुमाराला सरोजाअक्कांची मुलगी वयात आली आणि त्यांनी तिकडच्या रीतीप्रमाणे मोठा समारंभ केला. मांडव, हळदीचं पाणी, रेशमी साडी, लाऊडस्पीकर, सगळ्या कॉलनीला जेवण. आईच्या डोळ्यांना हे सगळं चमत्कारिक वाटलं. आपल्याकडे ही गोष्ट दाराआड कुजबुजतात आणि इथे केळीचे खांब लावून सांगतात! पण घरी आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि खालच्या आवाजात बजावलं, "अरुण, शकूपण आता लहान राहिली नाही. आज ना उद्या तिचंही होईल. आता तिची वेणी ओढणं, तिला पाठुंगळी घेणं, दंगामस्ती, सगळं बंद." मी मान खाली घालून "बरं" म्हटलं. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्या दिवसापासून मी शकूशी बोलताना भिंतीकडे बघायला लागलो. तिला काही कळेना. "दादा, माझ्यावर रागावलास का?" असं तिने दोनदा विचारलं. काय सांगणार कपाळ!

मग तिचा गुडघा दुखायला लागला. डावा. आधी कधीमधी, मग रोज. पांडी खेळताना ती उजव्या पायावर उड्या मारायला लागली आणि हरायला लागली. बाबा म्हणाले, शाळा बुडवायची ढोंगं. आई म्हणाली, वाढीचं वय आहे, हाडात ताकद हवी, आणि तिने डिंकाचे लाडू केले. ते आधीच गुबगुबीत असलेल्या पोरीला सकाळ-संध्याकाळ एकेक. सरोजाअक्कांनी तिळाच्या तेलाने गुडघा चोळून दिला. मी तिच्या चालण्याला हसलो. डावं पाऊल बाहेर फेकत चालायची ती. आई सकाळी दारात सडा टाकायची, त्या ओल्या सिमेंटवरून शकू शाळेला निघाली की पावलं उमटायची. उजवं सरळ, डावं तिरकं बाहेर. मी रोज ती पावलं ओलांडून लोकल पकडायला जायचो, जिथे मला पायच वाचायला शिकवत होते. आज कुठल्याही पोराचं असं एक पाऊल दिसलं तर मी अनोळखी आईबापांना रस्त्यात थांबवतो. दोघातिघांनी मला वेड्यात काढलंय. काढोत.

शेवटी आई तिला घेऊन आमच्या हॉस्पिटलात आली. ओपीडीतल्या डॉक्टरने गुडघा हलवून पाहिला आणि चिठ्ठीवर डाव्या गुडघ्याचा एक्स-रे लिहिला. राव सारांनी ती चिठ्ठी नेहमीप्रमाणे परत पाठवली आणि खुबा, दोन फोटो, असं लिहून आणवलं. तेवढ्यात त्यांना वॉर्डात फिरत्या मशीनवर बोलावणं आलं. जाताना ते दारात थांबले. "तुझी बहीण ना? तूंच काढ. नीट काढ. दोन्ही." आई बाहेर बाकावर बसली, पिशवीत पेरू घेऊन. बाईमाणसाच्या वेळी खोलीत थांबणारी आया जेवायला गेली होती. आत मी आणि शकू.

गुडघ्याचे दोन्ही फोटो झाले. मग कमरेचा सरळ फोटो. मी तिच्या फ्रॉकवर चादर टाकली, अंगठे एकमेकांकडे वळवायला लागलो. उजवं पाऊल वळलं. डावं वळेना. मी थोडा जोर लावला तर ती "आई गं" म्हणाली. मला वाटलं, हट्ट. आहे तसंच ठेवून पिशवी टेकवली आणि फोटो काढला. अरे, त्या न वळणाऱ्या पावलातच सगळं होतं! आतून कोणी तरी दार वाजवत होतं आणि मी दारालाच पिशवी लावून ठेवली.

राहिला दुसरा. बेडकाचा. त्यात गुडघे वाकवायचे, तळवे एकमेकांना लावायचे आणि दोन्ही गुडघे दोन बाजूंना पडू द्यायचे. अनोळखी पोरींचे मी असले फोटो आया शेजारी असताना बिनदिक्कत काढले होते. पण ही शकू होती, आणि आईचं ते स्वयंपाकघरातलं बोलणं माझ्या कानात होतं. मी कसं सांगू हिला? हात कुठे लावू? आयेची वाट बघता आली असती. बाहेर जाऊन आईला आत बोलावता आलं असतं. राव सार अर्ध्या तासात येणार होते. यातलं काहीएक मी केलं नाही. शकू छताकडे बघत निमूट पडली होती. मी भिंतीकडे बघून म्हटलं, "झालं. ऊठ." आणि चिठ्ठीवर, दुसऱ्या फोटोच्या जागी, लिहिलं: दुखत असल्याने पेशंटने सहकार्य केले नाही.

लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल.

सरळ फोटोत डॉक्टरला काही वावगं दिसलं नाही. आता मला त्या फोटोत नेमकं काय शोधायचं ते माहीत आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढत्या वयात कधी कधी मानेवरून मागे सरकतो, डोक्यावरची घागर चुंबळीवरून सरकावी तशी. मागेच सरकतो, म्हणून समोरून काढलेल्या फोटोत सुरुवातीला सहज निसटतो. बाजूने काढला की लगेच दिसतो. दुखतं मात्र गुडघ्यात. वेळीच कळलं तर एक खिळा घालून गोळा जागेवर धरता येतो आणि पोर पुन्हा पांडी खेळतं. डॉक्टरने गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली, आणि आई सुटकेचा निःश्वास टाकून पेरू खात लोकलने घरी आली.

राव सारांनी दुपारी चिठ्ठी पाहिली. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं. "विचारलास कां तिला? नीट समजावून?"

"हो सार. ऐकेचना."

"मग उद्यां आण. आया असेल, तिची आईही आंत राहील. मी काढितों. विसरूं नकोस."

मी हो म्हटलं. आणि नेलं नाही. दुसऱ्या दिवशी नेली असती तर ती त्यांच्यासमोर सहज पाय वाकवून मोकळी झाली असती आणि माझं खोटं उघडं पडलं असतं. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं की आता बरं आहे. घरी बाबांना म्हणालो, सगळे फोटो नॉर्मल आहेत. बाबा म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" आणि शकूला शाळेत पिटाळायला लागले. ती जायची. एक पाऊल सरळ, एक तिरकं.

तीन आठवड्यांनी ती क्वार्टर्सचा जिना उतरताना शेवटच्या पायरीवर घसरली. घसरली म्हणजे काय, चार बोटं. पण त्यानंतर उठलीच नाही. बाबांनी आणि सरोजाअक्कांच्या नवऱ्याने तिला खाटेवरून उचलून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं. ती किंचाळत होती आणि मध्येच थांबून म्हणत होती, "मी ढोंग करत नाहीये, बाबा." ते वाक्य बाबांनी मरेपर्यंत पुन्हा कधी घरात उच्चारू दिलं नाही.

या वेळी फोटो वाचायला कोणा जाणकाराची गरज नव्हती, गोळा पुरता निसटला होता. ऑपरेशन झालं, पण गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला होता. हाड आतल्या आत वाळत गेलं. पाय दीड इंच आखूड राहिला आणि खुबा ताठ. मोठ्या सर्जनने जुनी कागदपत्रं मागवली, माझी चिठ्ठी वाचली आणि आईला हिंदीत समजावलं, "उस दिन बच्ची ने दूसरा फोटो नहीं लेने दिया. वरना शायद पता चल जाता." मी तिथेच उभा होतो, आईच्या उजव्या हाताला. राव सार दाराशी होते. ते फक्त माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं नाही. त्यानंतर ते मला काम शिकवत राहिले, सगळं शिकवलं त्यांनी, पण तंबी म्हणून हाक कधी मारली नाही. नावाने मारायचे. घरी शकूने पुन्हा कधी त्यांची नक्कल करायला सांगितलं नाही, आणि मीही केली नाही.

आईने सर्जनचं ते वाक्य शकूला जन्मभर ऐकवलं. दुष्टपणाने नव्हे, पोटातल्या आगीने. शकूसाठी जाड तळव्याची चप्पल करायला टाकली की, एखादं स्थळ पाय बघून परत गेलं की, लोकलच्या डब्यात चढताना कोणी धक्का दिला की. "त्या दिवशी दोन मिनिटं कळ काढली असतीस तर? दादाला फोटो काढू दिला असतास तर?" शकू काही बोलायची नाही. पुढे बँकेत लागली, स्वतःच्या पायावर उभी राहिली, हे मी ओठ चावून लिहितोय. लग्न झालं नाही. आई गेली तेव्हाही तिच्या मनात हेच होतं की पोरीने हट्ट केला. आणि मी? मी एक्स-रेमध्येच राहिलो, हेड टेक्निशियन झालो, निरोपाच्या समारंभात माझ्या काटेकोरपणाचं कौतुक झालं. हार गळ्यात घालून मी ते ऐकून घेतलं. भेकड माणूस मी, दुसरा शब्द नाही.

गेल्या महिन्यात शकूचा खुबा बदलायचं ठरलं. ऑपरेशनआधीच्या फोटोसाठी मी तिला एका खाजगी सेंटरमध्ये घेऊन गेलो. आता ना फिल्म, ना डार्करूम, बटण दाबलं की पडद्यावर हाड. मी रिटायर्ड टेक्निशियन आहे म्हटल्यावर त्यांनी मला काचेमागे उभं राहू दिलं. आत ओरगडम गावाकडची एक टेक्निशियन पोरगी होती, पंचविशीची असेल. तिने शकूच्या अंगावर चादर नीट केली, वाकून तिच्या डोळ्यांत बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, तुमचा पाय थोडा वाकवून बाहेरच्या बाजूला नेते. जमेल तेवढाच. नेऊ का?"

शकू म्हणाली, "ने की."

पाय फारसा गेला नाही. पण त्या पोरीने जेवढा गेला तेवढ्यात फोटो काढला, आभार मानले, संपलं. दोन मिनिटं.

बाहेर बाकावर आम्ही रिपोर्टची वाट बघत बसलो. शकूने काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली होती. मग म्हणाली, "दादा, तू मला हे विचारलंच नव्हतंस."

"तुला आठवतं?"

"छतावर पंखा होता, त्याचं एक पातं वाकलेलं होतं. तू भिंतीकडे बघून झालं म्हणालास. मला वाटलं, खरंच झालं."

"मग आईला का नाही सांगितलंस? ती इतकं बोलायची तुला."

"तुझी परीक्षा होती. मग नोकरी लागायची होती. मग तुझं लग्न. मग आई म्हातारी झाली." तिने काठीची मूठ पुसली. "आणि मी वाट बघत होते रे. तू सांगशील म्हणून."

"शकू, मला लाज वाटली होती गं. तुझी नाही, माझीच..."

"ते मला कळत होतं. बारा वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते. पण दादा, इतकं दुखत होतं, इतकं दुखत होतं, की तू विचारलं असतंस तर मी डोक्यावर उभी राहिले असते."

तेवढ्यात आतून तिचं नाव पुकारलं. ती उठली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन, आणि रिपोर्ट घ्यायला गेली. उजवं पाऊल सरळ, डावं तिरकं.

ज्यांना सांगायचं ते आता कोणी उरलं नाही. आई नाही, बाबा नाहीत, राव सार तंजावरला गेले ते तिकडेच वारले असं ऐकतो. ती चिठ्ठीही कधीच रद्दीत गेली असेल. पण माझ्या हस्ताक्षरातलं ते एक वाक्य शकूने जन्मभर पायात घालून चालवलं आहे, तेव्हा दुरुस्ती निदान इथे करून ठेवतो. पेशंटने सहकार्य केले होते. फोटो काढणाऱ्याने तिला विचारले नव्हते.